खांद्यावरून खिशात

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले की, मोहाच्या फुलांचा वास अजून रानात दरवळतो आहे, अशा दिवसांत पिस्तुलाची कथा सांगण्याचे प्रयोजन काय? त्यांना आम्ही त्या वेळी नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर आज येथे अहेरीत, प्राणहितेच्या काठी, देण्याचा प्रयत्न करीत आहोत. खिशात मावणारे पिस्तूल हे काही या रानाचे शस्त्र नव्हे. या रानाचे शस्त्र खांद्यावर असते आणि ते दुरून दिसते. परंतु खांद्यावरचे शस्त्र खिशात का गेले, हे समजून घ्यावयाचे तर आरंभ येथूनच केला पाहिजे.

1858 साली या मुलखात इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला त्याचे नायक मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके. किष्टापूर हे त्यांचे जन्मगाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. गोंड, माडिया आणि रोहिले असा त्यांचा जमाव होता. त्या वर्षीच्या मार्चात त्यांनी राजगड परगणा घेतला, आणि 29 एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारायंत्राच्या कामावर असलेल्या लोकांच्या छावणीवर छापा घातला. त्यात गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने मग बंदुकांइतकाच भरवसा दडपणावर ठेवला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर त्याने भार टाकला, आणि सप्टेंबरात त्यांच्या माणसांनी बाबुरावांना धरून दिले. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते.

लक्ष्मीबाईंचा न्याय करावयास आम्ही आज उभे नाही. अहेरीत बसून तो करणे सोपेही नाही. आमचे लक्ष आहे ते त्या उठावातल्या शस्त्रांकडे. भाला, तलवार, धनुष्यबाण, कुऱ्हाड आणि तोड्याची बंदूक ही त्या काळची मध्य हिंदुस्थानातील रानमुलखांची शस्त्रे. तोड्याची बंदूक म्हणजे काय, हे नव्या पिढीस सांगावे लागेल. तिच्या कानाजवळची दारू पेटविण्यासाठी सुताची दोरी सतत धुमसत ठेवावी लागे. रात्री तिचा निखारा दिसे, दिवसा तिचा वास येई, पाऊस आला की ती विझे. अशी बंदूक घेऊन लपून जाता येते, पण बंदूक लपवून कोठेही जाता येत नाही. हा भेद ध्यानात ठेवावा. बाबुरावांचा माणूस रानात लपत असे, त्याचे शस्त्र मात्र उघडे असे. ज्याच्या खांद्यावर ते होते त्याला गाव ओळखत होते, आणि तो कोणाच्या बाजूचा हेही ओळखत होते.

उठाव मोडल्यावर सरकारने हत्यारे काढून घेण्याचा उद्योग आरंभिला. त्याची परिणती 1878 च्या हत्यारांच्या कायद्यात झाली. लॉर्ड लिटन तेव्हा व्हाइसरॉय होते. या कायद्यातील हत्यारांची व्याख्या वाचली म्हणजे अहेरीच्या माणसाने चमकावे अशी आहे. तोफा, बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर आणि भाले यांच्या पंगतीस तीत धनुष्यबाणही बसविले होते! सूट देण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती ठेवला होता आणि तो यथेच्छ वापरलाही. युरोपियनांना पहिल्यापासून मोकळीक होती. 1887 साली मद्रासच्या काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला, त्यामागे हाच अपमान होता.

पण या कायद्यातील खरी मख्खी निराळीच आहे. परवान्यावाचून शस्त्र घेऊन हिंडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. तेच कृत्य सरकारी नोकराच्या नजरेस पडू नये अशा बेताने केले, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाई. म्हणजे उघडे शस्त्र आणि लपविलेले शस्त्र यांत कायद्याने दुपटीहून अधिक अंतर ठेवले होते. कायदा करणारांची अपेक्षा अशी की, शिक्षेच्या भयाने लपविणे बंद होईल. घडले ते उलट. उघडे शस्त्र बाळगण्याची सोय राहिली नाही, तेव्हा ज्याला शस्त्र हवेच होते त्याला ते लपविण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मग प्रश्न एवढाच राहिला की, लपेल असे शस्त्र कोणते?

या प्रश्नाचे पहिले उत्तर पुण्यात 22 जून 1897 रोजी मिळाले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची ती रात्र. प्लेगच्या बंदोबस्तात ज्याने घरांघरांत सोल्जर घुसविले त्या रँडवर पाळत ठेवून दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर गणेशखिंडीच्या रस्त्यावर उभे होते. दोघांजवळ पिस्तूल आणि तलवार होती, बाळकृष्णाजवळ शिवाय कुऱ्हाड. गव्हर्नरच्या बंगल्याभोवती रोषणाई पाहावयास गर्दी लोटली होती. त्या गर्दीत तलवारी घेऊन संशय येऊ न देता हिंडणे अशक्य, असे ध्यानात येताच त्यांनी तलवारी आणि कुऱ्हाड जवळच्या दगडी मोरीखाली लपवून ठेवल्या. पिस्तुले तेवढी बरोबर राहिली. श्रोतेहो, मराठी मुलखात तलवारीने ज्या ठिकाणी रजा घेतली ते ठिकाण आम्हांस विचाराल तर आम्ही त्या मोरीकडे बोट दाखवू. त्या रात्री दामोदरांनी रँडवर गोळी झाडली आणि बाळकृष्णांनी मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्टवर. आयर्स्ट तेथेच मेला, रँड 3 जुलैला. आयर्स्टवर कोणाचा डाव नव्हता.

लहान पिस्तूल यापूर्वी जगात नव्हते असे नाही. 14 एप्रिल 1865 रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर नाटकगृहात जे झाडले गेले ते तळहातात झाकावे एवढेच होते. पण त्यात गोळी एकच. म्हणून मारेकऱ्याने जोडीला सुराही घेतला होता. त्यानंतर रिव्हॉल्व्हर सर्वत्र पसरले. त्यात पाच-सहा काडतुसे बसत, परंतु ती मावण्यासाठी मध्ये फिरते चक्र लागे. त्याच्या जाडीने खिसा फुगतो, आणि बाहेर काढताना मागचा घोडा कापडात अडकतो. शिंप्याला विचारा, तो सांगेल की खिशाला वजनापेक्षा जाडीचे वावडे अधिक!

ही अडचण सोडविली ती जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने. त्याचा बाप बंदुका घडविणारा होता. बेल्जममध्ये लिएजजवळ हर्स्टाल येथील कारखान्याने त्याचे पिस्तूल विसाव्या शतकाच्या तोंडावर बाजारात आणले. त्यात चक्र नव्हते. काडतुसे मुठीच्या पोटात एकावर एक रचलेली, घोडा आतल्या आत झाकलेला, दोन्ही बाजू एखाद्या चोपड्या पुस्तकासारख्या सपाट. 1900 च्या नमुन्याची लांबी सुमारे साडेसहा इंच, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, मुठीत सात काडतुसे, गोळीचा व्यास 7.65 मिलिमीटर. 1906 साली त्याहून धाकटे, जाकिटाच्या खिशात बसणारे पिस्तूल निघाले. बिनधुराची दारू तोवर प्रचारात आली होती, म्हणून एवढ्याशा काडतुसाने काम भागू लागले. फ्रेंच भाषेत तर 'ब्राउनिंग' हे पिस्तुलाचे सामान्यनामच होऊन बसले.

ते विकत घेणे कोठे सोपे होते? आमच्या राज्यकर्त्यांच्या राजधानीत! ब्रिटनमध्ये 1870 च्या कायद्याप्रमाणे दहा शिलिंग भरले की बंदुकीचा परवाना मिळे, आणि 1903 च्या पिस्तूल कायद्याने दुकानदारास तेवढा परवाना पाहूनच विक्री करता येई. नाशिकमध्ये ज्या वस्तूसाठी काळकोठडी, ती लंडनमध्ये दुकानाच्या मेजावर मांडलेली. 1909 च्या आरंभी विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले काडतुसांसह हिंदुस्थानात पाठविली. इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीला दुहेरी तळ करून त्यांत ती दडविली होती. मार्चमध्ये पेटी मुंबईस उतरली, तेव्हा थोरले बंधू बाबाराव अटकेत पडलेले होते. 1 जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी कर्झन वायली यांना एका समारंभात गोळ्या घातल्या. मध्ये पडलेले डॉ. कावस लालकाका हे पारशी गृहस्थही त्यात मेले. 26 ऑक्टोबरला हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या अन जुंग-गुन याने जपानच्या इटो हिरोबुमींचा बळी घेतला, तो ब्राउनिंगनेच. आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नाशिक.

21 डिसेंबर 1909. विजयानंद नाट्यगृह. किर्लोस्कर मंडळींचा 'शारदा'चा प्रयोग. बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपाचा प्रसंग. अनंत लक्ष्मण कान्हेरे हा औरंगाबादेस शिकणारा, अठरा वर्षेही पुरी न झालेला मुलगा प्रेक्षकांत बसला होता. जॅक्सन दारातून आत आले तेव्हा त्याने जवळून गोळ्या झाडल्या. पिस्तूल त्या विसांपैकी एक होते.

येथे आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते स्पष्ट म्हणतो. शस्त्र निवडताना माणसाला वाटते की आपण त्याचा आकार, वजन आणि काडतुसे निवडीत आहोत. वास्तविक तो अंतर निवडीत असतो. खिशातल्या आखूड नळीचा भरवसा चार-सहा पावलांपलीकडे धरवत नाही. तेव्हा त्या अंतरात येईल तोच त्याचे लक्ष्य होतो. कायदा करणारा लिटन त्या अंतरात कधी येणार नव्हता. जॅक्सन आला, कारण तो नाटकाला येई. संस्कृत जाणणारा, लोकांत मिसळणारा हा अधिकारी 'पंडित जॅक्सन' म्हणून ओळखला जाई. बाबारावांवरील राजद्रोहाचा खटला त्याच्याच कारकीर्दीत उभा राहिला आणि त्यांना जन्मठेप काळे पाणी झाले, हेही तितकेच खरे, आणि कान्हेरे व त्यांचे सोबती त्या शिक्षेच्या आगीने पेटले होते याविषयी आम्हांस शंका नाही. त्यांच्या धैर्याला आम्ही उणे म्हणणार नाही. परंतु जुलुमी कोण याचा निवाडा आणि जवळ कोण येतो याचा योग, या दोन गोष्टी त्या पिस्तुलाने एकत्र केल्या. लालकाका आणि आयर्स्ट यांची नावे त्याच हिशेबात लागतात.

दुसरी गोष्ट हातांची. चिंचगुंडीच्या छाप्यात कोण होते, हे रानाला ठाऊक होते, आणि बाबुरावांना पकडण्यास क्रिक्टनला पाच महिने लागले. नाशिकचे पिस्तूल लंडन, मुंबई असे हातोहात, गुपचूप गेले. ज्याने ते सांभाळले, ज्याने दिले, ज्याने दुरून पाहिले, तो प्रत्येक जण पकडला गेला की एकटा पडे. पेटी आणणारा अमीनच पुढे माफीचा साक्षीदार झाला. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण दुहेरी तळाच्या पेटीवर गावाची राखण नसते, हेही पाहिले पाहिजे. सावरकरांना 13 मार्च 1910 रोजी लंडनच्या स्टेशनावर अटक झाली, आणि 1911 च्या जानेवारीत दुसऱ्या जन्मठेपेची शिक्षा झाली ती त्या वीस पिस्तुलांपायी.

1878 चा कायदा स्वतंत्र भारताने मोडीत काढला. 1959 चा नवा हत्यार कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. घरातील वा शेतीतील निव्वळ कामाच्या वस्तू, साधी काठी वगैरे त्याने हत्यारांच्या व्याख्येतून वगळल्या. काल संध्याकाळी येथील रस्त्याने एक म्हातारे गृहस्थ खांद्यावर कुऱ्हाड टाकून आमच्यापुढे चालले होते. वळणावर एका ओळखीच्याशी बोलण्यासाठी ते थांबले, तेव्हा कुऱ्हाड तशीच खांद्यावर होती, आणि तिच्याकडे कोणी पाहिलेही नाही.

कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. चाप त्यांपैकी एकानेच ओढला होता.