बंद न होणारं चुंबक

आजची गोष्ट आपल्या अकोला जिल्ह्यातल्या पारसपासून सुरू करू. तिथल्या वीज केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यांचे टनांनी वजन असलेले रोटर मिनिटाला ३००० वेळा फिरतात. म्हणजे विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाला जे जड चाक असायचं ना, त्या फ्लायव्हीलचेच हे मोठे भाऊ. पण या रोटरमधलं चुंबक विजेवर चालतं. आत शॉर्ट झालं की त्याचा करंट तोडायचा. चाक फिरत राहतं, वीज बनणं थांबतं. वरुड-मोर्शीच्या संत्राबागेतली मोटर जळाली तरी तेच, स्टार्टर पाडला की काम झालं.

चाकात ऊर्जा साठवून गाडी पळवायची कल्पना १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये प्रवाशांच्या सेवेत आली. ओर्लिकॉन कंपनीची जायरोबस. पोटात दीड टनाचं चाक, स्टॉपवर चार्जिंग! तिच्या मोटरलाही कायमचं चुंबक नव्हतं.

त्यातलं ताकदवान चुंबक आलं १९८० च्या दशकात. जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे संशोधक, दोघांनी वेगवेगळं काम करून निओडिमियमचं चुंबक बनवलं. फ्लायव्हीलवाल्यांना ते हवंच होतं. त्यांचं चाक निर्वात डब्यात फिरतं, तिथे रोटर तापला तर उष्णता जायला हवाच नाही. या चुंबकाला करंट लागत नाही, म्हणून रोटर फार तापत नाही.

आता खरी अडचण. वाइंडिंगचे दोन वेढे एकमेकांना चिकटले, शॉर्ट झालं. मग बंद कर ना बाप्पा! पण या चुंबकाला स्विचच नाही. चाक फिरतंय तोवर ते त्याच शॉर्टला करंट देत राहणार. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर रिस्टार्ट करून मोकळे होतो, इथे ती सोय नाही.

उत्तर विमानांच्या कामातून आलं. १९९० च्या दशकात इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठात बॅरी मेक्रो आणि सहकाऱ्यांनी विमानाच्या इंधनपंपासाठी मोटर रचली. प्रत्येक फेजचं वाइंडिंग वेगळ्या दातांवर, मध्ये एक दात रिकामा, प्रत्येकाचं इलेक्ट्रॉनिक्सही स्वतंत्र. एकाची आग शेजाऱ्याकडे जात नाही. शिवाय इंडक्टन्स मुद्दाम इतका जास्त, की पूर्ण फेज शॉर्ट झाली तरी करंट नेहमीच्या कामाएवढाच राहतो.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: दोन वेढ्यांचा शॉर्ट सापडला की कंट्रोलर ती अख्खी फेज स्वतःच शॉर्ट करतो! थोड्याशा वेढ्यांत कोंडलेला करंट मग सगळ्या वेढ्यांत वाटला जातो, वाइंडिंग जळत नाही. फ्लायव्हीलमध्ये अशी मोटर बसवली तर उरलेल्या फेजा चाकातली ऊर्जा बाहेर ओढून त्याला हळूहळू थांबवू शकतात.