बगॅसोसिस
उसाच्या साठवलेल्या, कुजकट चिपाडाची (बगॅसची) धूळ श्वासावाटे जाऊन होणारा फुप्फुसविकार. भारतात गांगुली व पाल यांनी १९५५ मध्ये कोलकात्याजवळच्या पुठ्ठा कारखान्यात त्याची नोंद केली. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात, जिथे साखर कारखान्यांच्या आवारात बगॅसचे ढीग साठतात, त्याकडे डोळेझाक परवडणारी नाही. ढिगातील ‘थर्मोॲक्टिनोमायसिस सॅकराय’ या जिवाणूच्या वावड्यामुळे फुप्फुस सुजते. संपर्क दीर्घकाळ राहिल्यास टीजीएफ-बीटा हा वृद्धिघटक तंतुजनक पेशींना चेतवतो. त्या कोलॅजन साठवत राहतात आणि फुप्फुसात कायमचे व्रण पडतात. पीडीजीएफ, एफजीएफ व व्हीईजीएफ या वृद्धिघटकांचे ग्राही रोखणारे निंटेडॅनिब हे औषध व्रणवाढ मंदावते, झालेले व्रण मात्र पुसत नाही. म्हणून चिपाड भिजवून हाताळणे, मुखपट्टी आणि कामगारांची नियमित छाती-तपासणी अत्यावश्यक ठरते.