पौंडभर धान्य आणि आठशे कॅलरी

माणसाला जगायला कमीत कमी किती अन्न लागते? गेल्या दीडशे वर्षांत हा प्रश्न दोन अगदी वेगळ्या ठिकाणी विचारला गेला आहे. एकोणिसाव्या शतकात तो सरकारी खजिन्याच्या दारात विचारला गेला. दुष्काळी कामावरच्या मजुराला किती कमी धान्य दिले तर भागेल, असा त्याचा रोख होता. आज तो आरशासमोर विचारला जातो. किती कमी खाल्ले म्हणजे वजन लवकर उतरेल, एवढेच विचारणाऱ्याला हवे असते.

लग्न ठरलेली मुलगी, गुडघे धरलेली आई, साखर वाढल्याचे कळलेले काका, यांपैकी कोणाच्या ना कोणाच्या हाती आज दिवसाला आठशे किंवा हजार कॅलरींचा तक्ता असतो. कोणी सकाळी नुसते गरम पाणी आणि रात्री काकडी यांवर महिना काढतो. हे सुरक्षित आहे काय, याचे उत्तर ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावे हे खरेच. पण या प्रश्नाला इतिहासही आहे, आणि त्यातले एक प्रकरण आपल्याच जिल्ह्यांत घडलेले आहे.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला लॉर्ड लिटनने दरबार भरवून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर केले. मुले हे साल त्या दरबारासाठी पाठ करतात. त्याच वेळी बेळगाव, धारवाड, सोलापूर, सातारा आणि तेव्हाचा कलादगी जिल्हा (म्हणजे आजचे विजयपूर व बागलकोट) यांत जोंधळ्याचे पीक बुडाले होते. शके १७९८, धाता संवत्सर. तिकडे मद्रास इलाखा आणि म्हैसूर संस्थानही होरपळत होते. मराठी बोलणारा आणि कानडी बोलणारा खडी फोडण्याच्या एकाच कामावर, एकाच रांगेत बसला होता.

या दुष्काळावर देखरेख करण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवण्यात आले. हे गृहस्थ मुळात निर्दय होते असे म्हणता येत नाही. १८७३-७४ मध्ये बिहारच्या टंचाईत त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे वाचवली होती. पण त्या खर्चाबद्दल त्यांच्यावर कडक टीका झाली. या वेळी त्यांनी हात आखडता घेतला. काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अर्धा आणा, मुलांना त्याहून कमी, असा दर त्यांनी ठरवला. इतिहासात तो ‘टेंपल वेतन’ म्हणून कुप्रसिद्ध आहे.

मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम कॉर्निश यांनी त्याला जाहीर विरोध केला. राबणाऱ्या शरीराला एक पौंड पुरत नाही, निदान दीड पौंड धान्य हवे आणि सोबत डाळ-भाजी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. इकडे मुंबई इलाख्यात अनेक ठिकाणी मजुरांनी या दराने राबण्याचे नाकारून काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे मुख्यतः गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी, गावोगावची हकिकत जमवून सरकारपुढे मांडली. दिल्लीच्या दरबारात हातच्या सुताची खादी नेसून गेले ते हेच काका. मार्चमध्ये मद्रासला दर वाढवून सव्वा पौंड धान्य आणि थोडी डाळ असा करण्यात आला. तोवर पुष्कळ उशीर झाला होता. या दुष्काळात हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे.

त्या एका पौंडाचा हिशेब आजच्या मापात करून पाहू. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. शंभर ग्रॅम जोंधळ्यातून साधारण ३३० ते ३५० कॅलरी मिळतात. म्हणजे मजुराच्या पदरात दिवसाला पंधराशे ते सोळाशे कॅलरी पडत. अर्ध्या आण्यात मीठ-मिरची आणि थोडेफार आणखी धान्य येई. हा पंधराशे-सोळाशेचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. १८७७ मध्ये हा हिशेब कोणी असा मांडला नव्हता, कारण अन्नाचे मोजमाप कॅलरीत करण्याची पद्धत अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांच्या संशोधनातून त्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. पुढे १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टर बाईंनी वजन उतरवण्यासाठी कॅलरी मोजायला शिकवणारे पुस्तक लिहिले आणि ते प्रचंड खपले. शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतले माप असे घरच्या ताटापर्यंत आले.

अपुऱ्या अन्नाने शरीराचे नेमके काय होते, हे पद्धतशीर पाहिले गेले ते दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी. युरोपात लाखो माणसे उपाशी होती आणि त्यांना पुन्हा कसे उभे करावे याचे शास्त्र कोणाजवळ नव्हते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये प्रयोग सुरू केला. त्यासाठी ३६ तरुण स्वखुशीने पुढे आले. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती धरण्यास नकार दिलेले हे तरुण होते. दुसऱ्यांच्या भुकेवर उपाय सापडावा म्हणून त्यांनी स्वतः उपाशी राहणे पत्करले. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या इमारतीतच त्यांची राहण्याची सोय होती.

पहिले बारा आठवडे त्यांना दिवसाला सुमारे ३२०० कॅलरींचे पोटभर जेवण मिळाले. मग १२ फेब्रुवारी १९४५ पासून चोवीस आठवडे अर्धपोटी. सरासरी १५७० कॅलरी, तीही दोन वेळांत : गव्हाचा पाव, बटाटे, सलगम, कोबी, मॅकरोनी. आठवड्याला बावीस मैल चालणे सक्तीचे.

टेंपल साहेबांचा पौंड आणि मिनेसोटातले ताट यांचा आकडा जवळपास सारखाच येतो. आणि हे तरुण तर निवडून घेतलेले, धडधाकट. त्यांना ना पटकी, ना हिवताप. डोक्यावर छप्पर होते आणि डॉक्टर रोज तपासत होते. तरीही चोवीस आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश उतरले. विश्रांतीत शरीर जेवढी ऊर्जा वापरते ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. नाडी मिनिटाला ५५ वरून ४०च्या खाली आली. ऐन उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजे. पायांवर सूज आली, केस गळू लागले, उठताना भोवळ येई, जिना चढणे जड झाले. शरीर खर्चात काटकसर करू लागले होते. हातात पगार कमी आला की संसारी माणूस आधी दिवा मालवतो, मग दुरुस्त्या थांबवतो, तसाच हा प्रकार.

शरीरापेक्षाही मनाचे हाल अधिक झाले. हसतमुख माणसे चिडखोर आणि एकलकोंडी बनली. अन्नाखेरीज दुसरा विषय त्यांना सुचेना. कोणी पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसे, कोणी एकेक घास तासभर पुरवी, कोणी ताट चाटून पुसून घेई. च्युइंगमची पाकिटे आणि चहा-कॉफी यांवर भूक मारण्याचा सपाटा चालला. चोरून खाल्ल्यामुळे काहींना प्रयोगातून काढावे लागले. ३६ पैकी ३२ शेवटपर्यंत टिकले. एकाने लाकडे फोडताना कुऱ्हाडीने स्वतःची तीन बोटे तोडली, आणि ते चुकून झाले की मुद्दाम, हे त्याला स्वतःलाही नंतर नक्की सांगता आले नाही.

पुढची गोष्ट वजन उतरवणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. जेवण वाढवले तरी हे तरुण लगेच सावरले नाहीत. चार गटांना रोज वेगवेगळ्या प्रमाणात जास्त अन्न दिले गेले. ज्यांना केवळ चारशे कॅलरी वाढवून मिळाल्या त्यांची प्रकृती जवळपास जागच्या जागीच राहिली. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनीही फारसा फरक पडला नाही. आणि पुढे हवे तेवढे खाण्याची मुभा मिळाली तेव्हा पोट तुडुंब भरले तरी भूक शमेना. काहींनी दिवसाला पाच हजारांहून अधिक कॅलरी खाल्ल्या. अंगावर आधी परतली ती चरबी, मूळच्यापेक्षाही जास्त. मांस मागाहून हळूहळू भरले. ‘बारीक झालो होतो, पण होते त्यापेक्षा दुप्पट परत आले’ ही तक्रार आपण ऐकतो, तिचे मूळ येथे आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणून आपण ज्याला हसतो, तो बऱ्याच अंशी देहधर्म आहे. कीज यांनी १९५० मध्ये हे सर्व दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केले.

यावर आक्षेप येईल की ते तरुण मुळात सडपातळ होते. ज्याच्या अंगावर वीस किलो चरबी जास्त आहे त्याला काय धोका? शरीरातला साठा त्याने खर्चावा. आक्षेप वाजवी आहे आणि त्याचे उत्तरही इतिहासातच आहे.

१९७६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लिन नावाच्या डॉक्टरचे ‘द लास्ट चान्स डाएट’ हे पुस्तक गाजले. जेवण पूर्ण बंद करून द्रवरूप प्रथिन प्यायचे. दिवसाला जेमतेम चारशे कॅलरी. हे प्रथिन कत्तलखान्यातील कातडी, हाडे, स्नायुबंध यांपासून काढलेले असे. त्यात शरीराला लागणारे सर्व घटक नव्हते, क्षारही पुरेसे नव्हते. वजन मात्र भराभर उतरे. १९७७ संपेपर्यंत अशा आहाराशी संबंधित सुमारे साठ मृत्यूंची नोंद सरकारी यंत्रणांकडे झाली. त्यांतील १७ जणांचा पुढे बारकाईने अभ्यास झाला. बहुतेक बायका, आधी लठ्ठ, आणि मरण आले ते हृदयाचे ठोके अचानक बिघडून. चरबीबरोबर शरीराने स्नायूही खर्ची घातले होते, आणि हृदय हाही एक स्नायूच आहे. लठ्ठ माणसाजवळ चरबीचा साठा असतो. प्रथिनांचा आणि क्षारांचा तसा साठा कोणाजवळच नसतो.

मग इतके कमी खाणे सदैव घातकच काय? तसेही नाही, आणि येथे न्यायाने लिहिले पाहिजे. ब्रिटनमध्ये मायकेल लीन आणि रॉय टेलर यांनी मधुमेहाच्या, वजन जास्त असलेल्या रुग्णांवर एक मोठी चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन ते पाच महिने दिवसाला सव्वाआठशे ते साडेआठशे कॅलरी. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. आकडा आठशेचा, पण बाकी सर्व वेगळे होते. आहारात प्रथिने, जीवनसत्त्वे, क्षार मोजून घातलेले. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बंद केलेली. नियमित तपासणी. मुदत ठरलेली. आणि नंतर नेहमीचे जेवण टप्प्याटप्प्याने सुरू करण्यासाठी कित्येक आठवडे दिलेले. शेजारणीकडून उतरवून घेतलेल्या तक्त्यात यातले काहीच नसते.

या सर्व हकिकती एकत्र ठेवल्या म्हणजे उत्तर पुरेसे स्पष्ट होते. शरीराला आपला हेतू कळत नाही. खजिना वाचवण्यासाठी अन्न तोडले, दुसऱ्याच्या कल्याणासाठी तोडले की लग्नातल्या फोटोसाठी तोडले, त्याला टंचाई तेवढी समजते आणि ते टंचाईचेच नियम लागू करते. थोड्या मुदतीचे, पूर्ण घटकांचे आणि डॉक्टरांच्या नजरेखालचे अल्पान्न काही रुग्णांना तारक ठरते. मनाने घेतलेले, महिनोन्‌महिने चालवलेले अल्पान्न कोणालाही गोत्यात आणू शकते. वजन फार भराभर उतरले तर पित्ताशयात खडे होण्याची भीती असते, ती वेगळीच.

वाढत्या वयाची मुले-मुली, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांनी आठशेच्या वाटेला मुळीच जाऊ नये. म्हाताऱ्या माणसांनी, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताट कमी करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण तोडले तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. ज्याला वजन कमी करायचेच आहे त्याने नेहमीच्या जेवणातून पाचशे-सहाशे कॅलरी कमी कराव्यात : तळण, साखरेचा चहा, रात्रीचा जादा भात. डाळ, ताक, भाजी सोडू नये आणि चालणे वाढवावे. आठवड्याला अर्धा-पाऊण किलो उतरले तरी पुष्कळ झाले. भोवळ, छातीत धडधड, पायांवर सूज यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. दहावी-बारावीतल्या मुली डबा तसाच परत नेतात हे आम्हां शिक्षकांना दिसते. घरी विचारले तर ‘शाळेत खाल्ले’ असे उत्तर मिळते. तेव्हा तिला ‘जाडी’ म्हणून हिणवणाऱ्या पाहुण्याला आधी गप्प करावे, आणि मग तिच्या शेजारी बसून तिच्याबरोबर जेवावे. आपल्या पणजोबांच्या पिढीने एका पौंडावर जगायला नकार दिला होता. ज्या घरात धान्याची कोठी भरलेली आहे, तेथे त्याहूनही कमी अन्नावर कोणी गुपचूप दिवस काढत असेल, तर ते आपल्या लक्षात आलेच पाहिजे.