मोरपिशी दालनाची कथा

घराच्या भिंतीस कोणता रंग द्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां किरकोळ वाटतो. परंतु एकोणिसाव्या शतकांत लंडनमधील एका भोजनगृहास चढलेल्या गडद मोरपिशी रंगानें जुना स्नेह मोडला, आणि घर राहणाऱ्याचें कीं सजविणाऱ्याचें, असा वाद उभा केला.

फ्रेडरिक लेलँड हा लिव्हरपूलचा धनाढ्य जहाजमालक. लंडनांत प्रिन्सेस गेट येथें त्याचें घर होतें. चिनी मातीच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा त्याला मोठा नाद. तीं मांडण्यासाठीं टॉमस जेकिल या वास्तुशिल्पज्ञानें भोजनगृहांत अक्रोडाच्या लाकडाचीं नाजूक फडताळें उभारलीं, व भिंतींवर सोनेरी मुलाम्याचें, फुलें रंगविलेलें मौल्यवान कातडें बसविलें. शेकोटीच्या वर जेम्स व्हिसलर या अमेरिकन चित्रकाराचें, किमोनो ल्यालेल्या युवतीचें चित्र होतें. कातड्यावरील तांबडीं फुलें आपल्या चित्रास मारक ठरतात, अशी व्हिसलरची तक्रार होती. सन १८७६ मध्यें थोडाफार बदल करण्याची परवानगी त्यानें मिळविली. जेकिल आजारी पडला, लेलँड लिव्हरपूलला गेला, आणि दालन एकट्या चित्रकाराच्या हातीं राहिलें.

मग तांबडीं फुलें तर गेलींच, पण सारें कातडेंच निळ्या-हिरव्या रंगाखालीं झांकलें गेलें. छतावर मोरपिसांची नक्षी आली, खिडक्यांच्या झडपांवर सोनेरी मोर उमटले. मालक परगांवीं असतां व्हिसलर त्याच्याच घरीं पाहुण्यांस बोलावून आपली कृति दाखवूं लागला. शेवटीं त्यानें २००० गिनी मागितल्या.

न सांगितलेल्या कामाची एवढी किंमत कां द्यावी, हा लेलँडचा प्रश्न गैरवाजवी नव्हता. त्यानें निम्मी रक्कम मान्य केली. मात्र १००० गिनींऐवजीं १००० पौंड पाठविले. गिनी २१ शिलिंगांची, पौंड २० शिलिंगांचा. म्हणजे फरक अवघा ५० पौंडांचा. परंतु त्या काळीं इंग्लंडांत कलावंताचें मानधन गिनींत मोजीत, कारागिराची मजुरी पौंडांत. व्हिसलरला सलला तो हा भेद.

त्यानें उत्तर भिंतीवरच दिलें. आपल्या चित्रासमोरील भिंतीवर त्यानें दोन भांडणारे मोर सोन्यानें रंगविले. एकाच्या पायांशीं नाणीं विखुरलेलीं आहेत. या देखाव्यास त्यानें 'कला आणि पैसा' असें नांव दिलें. सन १८७७ मध्यें दालन पुरें झालें. दोन वर्षांनीं व्हिसलरचें दिवाळें निघालें, तेव्हां त्याच्या सावकारांत लेलँडहि होता. बिचाऱ्या जेकिलचा १८८१ मध्यें वेड्यांच्या इस्पितळांत अंत झाला.

या कथेंतील विशेष याच्या पुढेंच आहे. एका दिवसाच्या हुकमानें त्या भिंती पुन्हां रंगविणें लेलँडला अशक्य नव्हतें. त्यानें तसें केलें नाहीं. सन १८९२ मध्यें मृत्यु येईपर्यंत ते भांडणारे मोर त्याच्या घरांत जसेच्या तसे राहिले. पुढें १९०४ मध्यें अमेरिकेंतील चार्लस फ्रीअर यानें सबंध दालनच विकत घेऊन डेट्रॉइटला नेलें. त्याच्या निधनानंतर तें वॉशिंग्टन येथें, १९२३ मध्यें उघडलेल्या फ्रीअर कलासंग्रहालयांत आलें, व आजहि तेथेंच आहे.

रंग देण्याचें श्रेय व्हिसलरचें खरें. परंतु अपमान गिळून तो रंग तसाच राखण्याचें श्रेय लेलँडला द्यावयास हवें. एकानें मर्यादा ओलांडली, दुसऱ्यानें ती पाळली, म्हणून तें दालन आज पाहावयास मिळतें.