अंदमानची सहल: मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार असणाऱ्यांनी कशी आखावी?

अंदमानला जायचे ठरले की घरातल्या ज्येष्ठांविषयी एक प्रश्न हमखास विचारला जातो: "यांना नेले तर चालेल ना?" आजार आटोक्यात असेल तर बहुतेकांसाठी उत्तर 'चालेल' असेच आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा जुना हृदयविकार असलेली कितीतरी माणसे सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा पाहून सुखरूप परत येतात. मात्र विमान आणि हॉटेलचे बुकिंग करण्याआधी एक गोष्ट पाहा. तुम्ही रात्री ज्या बेटावर झोपणार आहात, तिथून मोठे रुग्णालय किती लांब आहे?

मुक्काम कुठे करावा?

अंदमानचे मुख्य सरकारी रुग्णालय, गोविंद वल्लभ पंत रुग्णालय, श्री विजयपुरम म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला आहे. स्वराज द्वीप (हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) इथे सरकारी आरोग्य केंद्रे आहेत. ताप, जखम, जुलाब यांवर तिथे उपचार होतात. पण छातीत दुखू लागले किंवा पक्षाघाताची लक्षणे दिसली तर मुख्य बेटावर न्यावे लागते. खासगी जलद बोटीने हॅवलॉकहून तिथे यायला साधारण दीड तास लागतो, सरकारी बोटीला त्याहून जास्त. या बोटी दिवसा चालतात. रात्री दोन वाजता त्रास झाला तर काय, याचा विचार म्हणूनच आधी करायचा.

गेल्या काही आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, पक्षाघात किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, औषधांचे डोस अजून बदलत असतील किंवा थोडे चालल्यावर धाप लागत असेल तर सहल पुढे ढकला. विमानात बसण्याची परवानगी मिळाली म्हणजे बेटावर राहण्याचीही मिळाली, असे नाही. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. ज्यांचा आजार स्थिर आहे त्यांनी जास्त रात्री श्री विजयपुरमला आणि एखाददुसरी रात्र हॅवलॉकला असे नियोजन करावे. प्रवास विमा घेत असाल तर जुने आजार आणि रुग्णाला विमानाने किंवा हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते वाचून घ्या.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: गुडघे, प्रोस्टेट किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी हा दिवस गाळावा. पहाटे अंधारात निघावे लागते. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्या ताफ्याने जातात आणि मध्ये थांबायला परवानगी नसते. लघवीची गोळी घेतलेल्या माणसासाठी तो रस्ता फार लांब वाटतो.

घड्याळ आणि ऊन

अंदमान मुंबईच्या बरेच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे तिथे पहाटे पाचच्या सुमारास उजाडते, हिवाळ्यात साडेपाचच्या आतबाहेर अंधार पडतो आणि सूर्य डोक्यावर येतो तो साधारण सव्वाअकरा वाजता. आपल्याकडे सकाळी नऊचे ऊन कोवळे म्हणून चालून जाते, तिथले नऊचे ऊन तसे नसते. किनाऱ्यावर साडेआठपर्यंत किंवा दुपारी तीननंतर जा.

याचा परिणाम औषधांवरही होतो. बोट पकडायला पहाटे उठून इन्शुलिन किंवा साखरेची गोळी घेतली आणि नाश्ता बोटीवर मिळेल म्हणून थांबलात, तर साखर एकदम उतरू शकते. नाश्ता समोर आल्यावरच ती औषधे घ्या. खिशात ग्लुकोज किंवा साखरेच्या पुड्या ठेवा. घाम, हात थरथरणे, गोंधळल्यासारखे होणे हे उन्हामुळे होतेय असे समजू नका, आधी साखर तपासा.

उन्हात घाम जातो आणि रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी काही लघवीवाटे पाणी काढतात. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड ही त्यातली नावे. दोन्ही एकत्र आले की उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मधुमेहातल्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनीही लघवीतून पाणी जास्त जाते. उलट्या-जुलाब होऊन खाणे बंद झाले तर या गोळ्या आणि मेटफॉर्मिन बहुधा तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. इन्शुलिन मात्र मनाने पूर्ण बंद करायचे नसते. कोणते औषध कधी थांबवायचे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. बेटांवर फोनची रेंज भरवशाची नसते.

तहान लागली की आपण शहाळे घेतो. निरोगी माणसाला ते उत्तमच. पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे चालू असतील, तर दिवसाला तीन-चार शहाळी धोक्याची ठरू शकतात. अशांनी किती प्यावे ते विचारूनच ठरवावे.

औषधांची पिशवी

मे ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो आणि इतर महिन्यांतही हवा बिघडली की बोटी रद्द होतात. म्हणून ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान आठवडाभराची औषधे जास्त घ्या. ती दोन बॅगांत विभागून, प्रिस्क्रिप्शन आणि शेवटच्या ईसीजीच्या प्रतीसह ठेवा. हृदयरोग्यांची जिभेखालची गोळी अंगावरच्या खिशात हवी, खोलीतल्या बॅगेत नको.

इन्शुलिन कधीही चेक-इन सामानात टाकू नका, तिथे ते गोठू शकते. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. वापरात असलेले बहुतेक प्रकारचे पेन २५ ते ३० अंशांपर्यंत सुमारे चार आठवडे टिकते, नेमकी मुदत पाकिटावर असते. वाळूत ठेवलेल्या पर्समधले तापमान त्याहून किती तरी जास्त जाते. पाण्यात भिजवून वापरायची गार पिशवी घ्या, आणि बर्फाचा तुकडा थेट पेनला लावू नका.

ज्यांना बोट लागते ते प्रवासाआधी अर्धा-एक तास गोळी घेतात. प्रोमेथाझिनसारख्या या गोळ्यांनी झोप येते, वयस्करांचा तोल जातो आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडकू शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांतही त्या चालत नाहीत. शेजाऱ्याने दिलेली गोळी म्हणून घेऊ नका.

पाण्यात उतरताना

मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर वाळूवरही अनवाणी चालू नका. तापलेली वाळू भाजते आणि प्रवाळाची धार कापते, पण संध्याकाळी मोजा काढेपर्यंत कळत नाही. पाण्यात जाताना रबरी तळव्याचे बूट घाला, रोज रात्री घरच्या कोणाला तरी तळपाय पाहायला सांगा. प्रवाळाने कापले तर जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. लाली पसरू लागली की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. यकृताचा आजार असणाऱ्यांनी उघड्या जखमेने समुद्रात उतरू नये आणि कच्चे शिंपले खाऊ नयेत, कारण समुद्रातील काही जिवाणूंचा संसर्ग त्यांच्यात झपाट्याने पसरतो.

स्नॉर्केलिंग सोपे दिसते. पण गळ्यापर्यंत पाण्यात गेल्यावर पायांतले रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरचा भार वाढतो. त्यात नळीने श्वास घ्यायचा आणि लाटेत पाय मारायचे. हृदय कमकुवत असेल तर काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहा.

स्कूबाआधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. त्यात 'नाही, नाही' अशा खुणा करत जाऊ नका. दमा, फिट्स, फुप्फुसाची जुनी दुखणी, कानाची शस्त्रक्रिया, इन्शुलिन यांपैकी काही असेल तर आपल्या डॉक्टरांचे मत आधी घ्या. सर्दीने कान बंद असतील तर त्या दिवशी उतरूच नका. गरोदरपणी कोणत्याही महिन्यात स्कूबा नको. एकदाच पाण्याखाली गेलात तर निदान १२ तास आणि अनेकदा गेलात तर निदान १८ तास विमानात बसायचे नसते. २४ तास ठेवले तर उत्तम. म्हणजे स्कूबा सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये.

मगरीचा इशारा देणारे फलक शोभेसाठी नसतात. खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर आहेत आणि २०१० मध्ये हॅवलॉकला एका परदेशी पर्यटक तरुणीचा त्यांच्यामुळे जीव गेला आहे. खाडीच्या मुखाशी आणि अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नका.

जेलीफिश डसला तर चोळू नका, गोडे पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि चिकटलेले धागे चिमट्याने काढा. नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्याने वेदना कमी होतात, मात्र पाणी किती गरम आहे हे संवेदना चांगली असणाऱ्याने पाहावे. श्वास लागला, छातीत दुखले किंवा शुद्ध हरपू लागली तर लगेच आरोग्य केंद्र गाठा.

परतल्यावर

घरी आल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना "अंदमानला जाऊन आलो" हे न विचारता सांगा. डेंग्यू, मलेरिया याबरोबरच तिथे लेप्टोस्पायरोसिसही आढळतो. पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे अशी लक्षणे असतील तर रक्ततपासणीसाठी दोन दिवस वाट पाहू नका. तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, पॅरासिटामॉल चालेल. हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती मात्र परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारा.