हिरवा माळ, उपाशी मेंढी: खानदेशच्या चाऱ्याचा इतिहास

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज गोष्ट आहे चाऱ्याची, आणि तीही आपल्या धुळे-जळगावची.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. माळ हिरवा दिसतोय म्हणजे चारा चांगला, असं नसतं. फुलोऱ्याआधी गवत कोवळं असतं, त्यात प्रथिनं जास्त असतात. वाळलं की काडी कडक होते आणि प्रथिनं झपाट्याने घटतात. गाय-मेंढीच्या पोटात चारा पचवणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांनाही प्रथिनं लागतात. चाऱ्यातलं प्रमाण साधारण 7 टक्क्यांखाली गेलं की पचन मंदावतं आणि जनावर खाणंच कमी करतं. समोर गवताचा ढीग, तरी बरगड्या दिसतात!

दुसरं म्हणजे, जनावर निवडून खातं. मारवेल, पवन्या ही गोड गवतं आधी संपतात. त्याच जागी सारखी चराई झाली तर त्यांना बी धरायला वेळच मिळत नाही. मग उरते कुसळी. तिचं टोकदार बी लोकरीत घुसतं, तोंडाला टोचतं. पुढे तीही संपली की जमीन उघडी पडते आणि पावसात माती वाहून जाते.

आता इतिहासाकडे येऊ. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. तेव्हा धुळे-जळगाव एकाच जिल्ह्यात होते. पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले ते 1906 मध्ये. मधल्या काळात दोन मोठे बदल झाले.

पहिला बदल कापसाचा. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस हवा झाला. त्याच दशकात रेल्वेही भुसावळला पोचली. आता बघा, ज्वारी एकाच पिकात माणसाला भाकरी देते आणि बैलाला कडबा. कापूस रोख पैसा देतो, पण मागे राहते ती पऱ्हाटी, म्हणजे चुलीचं सरपण. सरकी जिनिंगला जाते आणि पेंड पैसे मोजून विकत घ्यावी लागते.

दुसरा बदल कायद्याचा. 1871 च्या कायद्याने दुसऱ्याच्या हद्दीत शिरलेली गुरं कोंडवाड्यात जाऊ लागली. 1878 च्या वन कायद्याने जंगलं राखीव झाली. महात्मा फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर याच कारणासाठी कोरडे ओढले. जंगल बंद झालं, पण जनावरं तेवढीच. ती सगळी उरलेल्या गायरानावर आली. पुढे काय होतं ते आपण वर पाहिलंच: मारवेल जातं, कुसळी येते. 1899-1900 च्या छप्पन्नच्या दुष्काळात मुंबई इलाख्यात गुरं लाखांनी मेली, तेव्हा गाठीला चारा नसणं म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळलं.

ही गोष्ट अजून संपलेली नाही. साक्री भागातले ठेलारी मेंढपाळ आजही पावसाळा सरला की बिऱ्हाड घेऊन कळपामागे निघतात. शेतकरी त्यांच्या मेंढ्या रानात बसवून घेतात, लेंडीखत मिळतं. मेंढ्यांना ताजा पाला मिळतो आणि घरचा माळ विसावा घेतो. त्यांचं फिरणं म्हणजे नुसती भटकंती नव्हे, ते चाऱ्याचं शास्त्र आहे.

त्याच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. तिथल्या गावकऱ्यांनी 1990 च्या दशकापासून चैत्राम पवार यांच्यासोबत स्वतः चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. जंगल परतलं. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

मग 1878 ची बंदी आणि बारीपाड्याची बंदी यांत फरक काय? बंदी दोन्हीकडे आहेच. पण एक वरून लादलेली, दुसरी गावाने ठरवलेली. गवताला विसावा हवाच, यात वाद नाही. पण तो कधी, कुठे आणि किती दिवस, हे ठरवताना मेंढीवाल्याला बैठकीत बोलावलं नाही, तर एक माळ वाचेल आणि शेजारचा उजाड होईल.

घरी आजी-आजोबा असतील तर विचारा: तुमच्या गायरानात आधी कोणतं गवत होतं? आणि आज तिथे काय उगवतं, ते एकदा स्वतः जाऊन बघा. भेटू पुढच्या भागात!