गारव्याचा जमाखर्च

घर बांधताना माणूस भिंतींचा हिशेब करतो, दाराखिडक्यांचा करतो, चूल कोठे मांडावी यावरून घरात दोन दिवस वादही घालतो. परंतु डोक्यावरचे ऊन अडविण्यास किती खर्च आला, हा आकडा कोणाच्या वहीत सापडावयाचा नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत हा खर्च पिढ्यान् पिढ्या कोणी ना कोणी भरीत आला आहे. तो कोणी भरला आणि कसा भरला, एवढेच आज पाहावयाचे आहे. आम्ही पदवीधर इतिहासकार नव्हे. कारखान्याच्या फाटकावर सभा घेता घेता सवडीने जे वाचले आणि कामगारांच्या खोल्यांतून बसून जे पाहिले, त्यावरच हे विवेचन आधारलेले आहे.

प्रथम या मुलखाचे आभाळ पाहू. भोरकडच्या मावळात पाऊस मुसळधार, म्हणून तिकडे उतरते छप्पर. पाणी झटकून टाकणे हेच त्याचे काम. आमच्याकडे वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आतबाहेर, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांना टेकतो. येथे छपराने उन्हाशी झुंजावयाचे असते. (व्याख्यानमालेचे नाव वसंताचे असले तरी ती संध्याकाळीच का भरते, हे श्रोत्यांस सांगावयास नको.) म्हणूनच जुन्या लोकांनी धाबे पसंत केले. कोणी त्याला माळवद म्हणतात. खांबांवर तुळया, तुळयांवर काठ्यांची दाटी, तिच्यावर लिंबाचा किंवा तरवडाचा पाला, पाल्यावर चिखल आणि सर्वांत वर पांढरी, खारवट माती चोपून बसविलेली. असा नऊ इंचांपासून फूटभराचा थर असला म्हणजे दुपारचे ऊन तो प्यावयास लागतो आणि ते खाली उतरता उतरता रात्र पडते. तोवर घरची माणसे वाकळ घेऊन धाब्यावर निजावयास गेलेली असतात. दिवसा खाली सावली आणि रात्री वर अंथरूण, अशी दुहेरी सोय त्या मातीने केली होती.

परंतु धाबे फुकट होते असे जे म्हणतात, त्यांनी धाब्यावर कधी माती टाकलेली नसावी. नऊ इंचांचा थर धरला तरी एका चौरस फुटावर तीस-पस्तीस किलोंचा भार होतो. दोन खणांच्या घराच्या डोक्यावर कित्येक टन माती! तिला जाड तुळया लागत. दरसाल मृगाच्या आधी नवी माती टाकून चोपावी लागे, आणि ती पाट्यांनी शिडीवरून वर जाई ती बहुधा बायकांच्या डोक्यावरून. एक वर्ष आळस झाला तर पावसाळ्यात घरभर भांडी मांडावी लागत, आणि दोन वर्षे झाला तर तुळई कुजे. पैसा खर्ची पडत नसे, पण माणूस पडत असे. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि जड धाब्यांनी हजारो माणसे गाडली, हे विसरून मातीच्या घराचे गोडवे गाणे आम्हास तरी जमणार नाही.

धाब्याला पहिला धक्का दिला तो लाकडाने. १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारी राने राखीव होऊ लागली आणि तुळईचे लाकूड बाजाराची वस्तू होत गेले. त्याच सुमारास निरा डावा कालवा आला. १८७६-७७ च्या दुष्काळात त्याचे काम निघाले आणि १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागले. पाण्यामागून ऊस, उसामागून रोकड, आणि १९१४ साली दौंडहून बारामतीस छोटी आगगाडी. दूरचा माल पेठेत उतरू लागला. त्या मालात पन्हळी पत्रा हा मोठा जादूगार होता. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअराने १८२९ साली त्याचा हक्क नोंदविला. पातळ लोखंडाला घड्या पाडल्या की ते वाकत नाही, एवढीच युक्ती; पुढे १८३७ साली जस्ताचा मुलामा देण्याची कृती फ्रान्समध्ये निघाली आणि गंज आटोक्यात आला. धाब्याच्या कित्येक टनांच्या जागी आता शे-सव्वाशे किलोंत खोली झाकता येऊ लागली. जाड तुळया नकोत, दरसालची माती नको, ढेकूण-विंचवांचा ताप कमी. ज्याने पत्रा घातला तो मूर्ख नव्हता. दुसऱ्या महायुद्धात लोखंडावर नियंत्रण आले आणि पुढे कित्येक वर्षे पत्र्यासाठी परमिट काढावे लागे. अशा काळात ज्याच्या घरावर पत्रा तो प्रतिष्ठित ठरला, यात नवल नाही.

परंतु लोखंडाला ऊन अडविणे ठाऊक नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्यास हात लावून पाहावा. साठ अंशांच्या वर तापलेला असतो, आणि ती धग खाली येण्यास तासही लागत नाही. एवढ्यावर भागले असते. शेतकरी दुपारी लिंबाखाली जाऊन पडतो. खरी अडचण झाली ती पाळीच्या माणसाची.

१९३० च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, १९५० च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगर येथे सहकारी कारखाने निघाले. गळीत सुरू झाले की कारखाना दिवसरात्र चालतो, आणि हंगाम लांबला की उन्हाळ्यात शिरतो. रात्रपाळीचा माणूस सकाळी घरी येतो, भाकरी खाऊन नऊला आडवा होतो आणि अकराला घामाने भिजून उठतो. पोरे बाहेर खेळत असतात, बायको चुलीपाशी असते, आणि हा गोणपाट भिजवून पत्र्यावर टाकीत असतो. रात्री तोच माणूस बॉयलरपाशी नाहीतर फिरत्या पट्ट्याजवळ उभा राहावयाचा. पत्र्याने वाचविलेला पैसा येथे वसूल होतो, झोपेतून.

या बाबतीत कायद्याची मौज पाहण्यासारखी आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तेराव्या कलमात असे होते की, कामाच्या जागेच्या भिंती आणि छप्पर अशा साहित्याचे असावे की आतील उष्णता शक्य तितकी कमी राहील. चुना मारणे, छप्पर उंच करणे, दुहेरी छप्पर करून मध्ये हवेची पोकळी ठेवणे, उष्णतारोधक साहित्य वापरणे, असे उपायही त्या वेळच्या मजकुरात सांगितले होते. म्हणजे सरकारला सर्व ठाऊक होते! पण हे सारे फाटकाच्या आत. फाटकाबाहेर पाऊल टाकले की कलम संपले. १९५२ साली औद्योगिक कामगारांसाठी सरकारी मदतीने घरे बांधण्याची योजना आली. ती चांगलीच होती. मात्र दर घरामागे खर्चाची कमाल मर्यादा बांधून दिलेली होती. आणि मर्यादा आली की कात्री प्रथम छपरालाच लागते, हा आमचा तरी अनुभव आहे. कारण भिंत पातळ केली तर डोळ्यांना दिसते, छपरातली वाण दिसत नाही.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या मागणीपत्रकात आम्ही 'पत्र्याखाली छत' ही मागणी घातली. व्यवस्थापनाने विचारले, खर्च किती? प्रश्न रास्त होता आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. मग वाचावयास बसलो. तेव्हा कळले की अमेरिकेत लुईझियाना प्रांतात १९२० च्या दशकापासून उसाच्या चिपाडाचे तक्ते दाबून घरांच्या छतांना व भिंतींना बसविण्यासाठी विकले जात. सेलोटेक्स हे त्यांचे नाव. ज्या चिपाडाचे डोंगर आमच्या दारात, त्याचाच गारवा करून दुसरे विकीत होते! हे आम्ही मोठ्या ऐटीने बैठकीत मांडले. समोरच्या इंजिनिअराने शांतपणे सांगितले की चिपाड हे बॉयलरचे जळण आहे. तुम्हास दिले तर तेवढा कोळसा विकत घ्यावा लागेल. हिशेब बिनचूक होता. आता तर कित्येक कारखाने चिपाड जाळून वीज विकतात, म्हणजे चिपाडाचा भाव आणखी चढला. आम्हास राग आला तो त्या हिशेबात कामगाराच्या झोपेचा रकाना नव्हता याचा. ऊस तोडावयास आलेला बीड-नगरचा माणूस पाचटाची कोपी करून राहतो. ती पेट घेते हे खरे, पण दुपारी आमच्या कायम कामगाराच्या पत्र्यापेक्षा ती गार असते, याला काय म्हणावे?

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्म्याने शेकडो माणसे दगावली, तेव्हा २०१३ साली तेथील महापालिकेने उष्म्याशी सामना करण्याचा आराखडा केला; पुढे गरिबांच्या वस्तीतली छपरे पांढऱ्या चुन्याने रंगविण्याचे कामही तेथे निघाले. पांढरा रंग ऊन परतवितो आणि खोली काही अंशांनी उतरते. यात नवे काही नाही. आमच्या मागणीचा शेवटही चुन्यावरच झाला होता. उसाचा रस निवळण्यासाठी साखर कारखान्याच्या गोदामात चुना असतोच. छत नाही, पण चुना मिळेल. मजुरी मात्र तुमची, असे ठरले. एका साप्ताहिक सुटीला सारी चाळ शिडी लावून वर चढली. खाली बायका बादल्या भरून देत होत्या. दुपारी रात्रपाळीची माणसे दोन वाजेपर्यंत झोपली. जूनच्या पहिल्या सरींनी अर्धा चुना धुऊन नेला, आणि पुढच्या मार्चमध्ये आम्ही पुन्हा अर्ज दिला.